अठरा, पूर्ण

बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यामुळे आमच्या घरात सगळंच मोजलेलं असे. ओसरीपासून विहीर चौतीस पावलं, विहिरीपासून गोठा एकवीस, आणि माझी शाळा घरापासून सहाशे बारा. मी दहा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी अंगणात त्यांची लोखंडी साखळी अंथरली, मला तिच्या कडेकडेने शंभर पावलं चालायला लावलं आणि कागदावर काहीतरी करून सांगितलं, "तुही शंभर पावलं म्हंजे एकशे सत्तर फूट. पुढच्या वर्षी अजून मोजू." इतर घरांत पोरांची उंची दाराच्या चौकटीवर खुणांनी नोंदवत, आमच्याकडे दर दिवाळीला माझं पाऊल मोजलं जाई. चौदाव्या वर्षी शंभर पावलांचे एकशे नव्वद फूट झाले होते. ही मोजायची खोड अजून गेलेली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाही माझे ओठ हलतात आणि सून मला हसते.

या खोडीला त्या घरात एकच खरं गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे माझा दादा. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला होता. संध्याकाळी त्याची सायकल गल्लीत वळली की साखळीचा करकर आवाज यायचा आणि त्यामागून त्याची शीळ. आल्या आल्या तो विचारायचा, "सुमे, आज किती?" मग मी दिवसभरात मोजलेलं काहीही सांगायचे. चिंचेखाली पडलेल्या चिंचा, आईने लाटलेल्या पोळ्या, मास्तरांनी तासात किती वेळा चष्मा काढला. तो ऐकायचा. ऐकल्यासारखं करायचा असं आता वाटतं, पण तेव्हा मला फरक कळत नव्हता, आणि कळला असता तरी चाललं असतं.

दादामुळेच मी भ्रमण मंडळात गेले. तेव्हा आमच्या गावाला सगळे चांदाच म्हणत, आणि चांद्यात हे मंडळ म्हणजे पाटी नाही, कचेरी नाही, रामाजीभाऊंच्या गळ्यातली एक शिट्टी एवढंच. रामाजीभाऊ जंगलखात्यातून नाकेदार म्हणून निवृत्त झालेले. दिवाळी संपली की संक्रांतीपर्यंत महिन्यातून एका रविवारी ते माणसं घेऊन जंगलात पायी जात. शाळेचे मास्तर, पोस्टातले दोघे-तिघे, कापडबाजारातले काही, आणि शिंपीकाम करणारे रशीदचाचा. बाईमाणूस म्हणून मी एकटी, तीही दादाची बहीण म्हणून. रामाजीभाऊंचा एक नियम होता. निघताना प्रत्येकाला एक आकडा मिळायचा आणि त्या आकड्याच्याच जागी रांगेत चालायचं. दर थांब्यावरून उठताना पुढून मागे प्रत्येकाने आपला आकडा म्हणायचा. शेवटच्याने आपला आकडा म्हणून पुढे 'पूर्ण' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय रामाजीभाऊ पाऊल उचलत नसत. तोवरचे तीन हिवाळे शेवटचा आकडा माझा होता. कधी चौदा, कधी सतरा, पण शेवटचा. "सतरा, पूर्ण!" असं मी जंगलात ओरडायचे आणि माझ्या शब्दावर सतरा माणसं चालू लागायची. वाटेत आणखी एक मान होता. थांबलो की रामाजीभाऊ विचारत, "काय वं सुमे, किती झालं?" मी पावलं सांगायचे, ते मनात हिशेब करून म्हणायचे, "म्हंजे सव्वा मैल. बरोबर आहे गा." कुणी शंका घेतली तर रशीदचाचा म्हणत, "अरे भाऊ, मेरा टेप गलत हो सकता है, ये लडकी नहीं."

मग उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी गडचिरोलीच्या पलीकडची, धानोऱ्याकडच्या एका जंगलगावातली. तिचे वडीलही नाकेदार. ती सतरा वर्षांची होती, हडकुळी, सावळी, आणि तिला चालताना आवाज नव्हता. आमच्या घरात आईच्या जोडव्यांचा, बाबांच्या खोकल्याचा, माझ्या आदळआपटीचा, सगळ्यांचा आवाज होता. ही मात्र पाठीमागे येऊन उभी राहायची आणि कळायचंच नाही. चौदा वर्षांच्या मला ती 'बाई' म्हणायची आणि अहो-जाहो करायची, कारण मी नणंद. मला ते आधी आवडलं. मग आठवडाभराने दादाची सायकल वळली, शीळ वाजली, मी दारात गेले, आणि तो "सुमे" एवढंच म्हणून आत गेला. पाणी तिने दिलं.

मी मोजायला लागले. हे सांगायला आज लाज वाटते, पण जे मोजलं ते सांगते. लग्नाआधी आठवड्यातून निदान पाच संध्याकाळी तो "आज किती" विचारायचा. श्रावणात ते दोनवर आलं. दिवाळीच्या आठवड्यात एकदाही नाही. आईच्या हातचे तांदळाचे आयते तो सहा खायचा. वहिनीने पहिल्यांदा केले, पातळ, जाळीदार, कडेला कुरकुरीत, जवसाच्या चटणीबरोबर, तर त्याने नऊ खाल्ले. मी मुद्दाम चारावर हात धुतला. आई म्हणाली, "काऊन वं, बरं नाई का?" मी म्हटलं, चिवट झालेत. ते चिवट नव्हते. त्यानंतर तितके चांगले आयते मी कुठेच खाल्लेले नाहीत, आणि त्या दिवशी पाचवा खाल्ला नाही हे मला अजून लागतं.

त्या हिवाळ्यातल्या दुसऱ्या फेरीला दादाने वहिनीला न्यायचं काढलं. आई तव्यापुढून उठलीच. "नवी सून हाय ते! अन् तिले रानात फिरवतं? लोक काय म्हणतीन?"

बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "अवं, थे रानातूनच आली आहे. फिरवून तर आपण राह्यलो तिले, सहा महिने झाले, या गल्लीत."

आई पुन्हा तव्यापुढे बसली. मी मनात आईच्या बाजूने होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

चांदा फोर्टच्या स्टेशनावरून पहाटेच्या छोट्या गाडीने आम्ही मूलला निघालो. डबा थंडगार, खिडकीबाहेर धुकं, आणि धुक्यात कापलेल्या धानाचे पुंजणे, एकसारखे, गोल. मी ते मोजत होते आणि दादाकडे कान लावून होते. मूल येईपर्यंत दादा वहिनीशी अकरा वेळा बोलला आणि माझ्याशी दोनदा. त्यातलं एक "सरक" होतं.

मूलपासून धानाच्या बांध्यांमधून दीड मैल चालल्यावर जंगल सुरू होतं. तिथे रामाजीभाऊंनी आकडे वाटले. माझ्याकडे येऊन म्हणाले, "सतरा." मी मान हलवली. मग वहिनीकडे पाहून, "अन् तू अठरा. नाकेदाराची पोरगी शेवटी चालन. मांगं पाहाले तिचे डोळे पक्के आहेत. 'पूर्ण' तू म्हणजो, बेटा."

मला वाटलं होतं, तिला मधे कुठेतरी, दादाच्या जवळ घालतील. त्याचंच मला वाईट वाटणार होतं, त्याची मी तयारी केली होती. माझा 'पूर्ण' तिला जाईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पहिल्या मोजणीला मी "सतरा" म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडात आला होता तो गिळला. मागून बारीक आवाज आला, "अठरा, पूर्ण." दादा आठवा होता. त्याने वळून पाहिलं आणि हसला. माझ्या डोक्यावरून, मागे.

त्या दिवशी जंगल जणू तिच्याच बाजूने होतं. ओढ्याच्या वाळूत वाघाचा माग लागला. रामाजीभाऊ काठीने बोटं दाखवत होते, सगळे वाकून पाहत होते, आणि एक मास्तर म्हणाले, रात्रीचा असेल. वहिनी पदर सावरत हळूच म्हणाली, "नाई जी. पहाटचा आहे. दंव पडल्यावर गेला थो. बाकी वाळूवर दंवाचे ठिपके आहेत, याच्यात नाईत." रामाजीभाऊंनी खाली बसून पाहिलं. मग उठून कपाळाला हात लावला. "बाप्पा! चाळीस वर्षं म्या नोकरी केली, अन् हे पोरगी मले शिकवून राह्यली." रशीदचाचा म्हणाले, "पहाटे का है तो पास ही होगा. मुझे नौ के बजाय एक सौ नौ नंबर दो, रामाजीभाऊ, मैं चांदे से बोलता हूँ." सगळे हसले. दादाचा चेहरा तर पुंजण्याला ऊन लागावं तसा झाला होता.

दुसऱ्या थांब्यावर मी तयार होते. चार हजार दोनशे साठ पावलं. कुठे घसरले होते तिथली दोन वजा करून आकडा नीट धरून ठेवला होता. रामाजीभाऊ आमच्याजवळ आले, बसले, आणि वहिनीला तिच्या वडिलांच्या नाक्याबद्दल विचारू लागले. मी वाट पाहिली. मग शिट्टी झाली, सगळे उठले. चार हजार दोनशे साठ मला कुणीही विचारलं नाही. तो आकडा मला अजून पाठ आहे, कारण तो कुणाला द्यायचा राहिला.

तलावाच्या पाळीवर आम्ही शिदोऱ्या सोडल्या. वहिनीचे आयते सगळ्यांत वाटले गेले आणि माझ्या डब्यातल्या पोळ्या मीच खाल्ल्या. परतीची वाट दुसरी होती. बांबूच्या बेटांतून उतरत आम्ही एका जागी थांबलो, जिथून बैलगाडीची चाकोरी एकीकडे जात होती आणि पायवाट दुसरीकडे. लोक पाणी प्यायला टेकले. वहिनी माझ्याजवळ येऊन वाकली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाई, मी जरा बांबूमांगं जाऊन येतो. सकाळपासून अडून राह्यली. या सगळ्या मान्सांत कोणाले सांगू? मोजणी लागली तर तुम्ही थांबवजा."

मी "हो" म्हटलं. हे मला पक्कं आठवतं. मी मान हलवली नाही, तोंडाने "हो" म्हटलं.

ती गेली आणि लगेचच शिट्टी वाजली. ऊन कलू लागलं होतं, गाडी गाठायची होती. एक, दोन, तीन, आकडे पुढून मागे येऊ लागले. दादाने "आठ" म्हटलं. रशीदचाचांनी "नौ, और अभी जिंदा!" म्हटलं. सोळा झालं. मी "सतरा" म्हटलं. मागे कुणी नव्हतं. वाट वळणावर होती, माझ्या पुढच्या माणसालाही माझा फक्त हात दिसत होता. मी ओढणी तोंडावर घेतली, आवाज बारीक केला, आणि म्हटलं, "अठरा, पूर्ण."

तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात होतं का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. तिची फजिती व्हावी, हे होतं. जंगलातली म्हणवते आणि मागे राहिली, असं दादाने म्हणावं, हे होतं. आणि ते दोन शब्द मला पुन्हा म्हणायचे होते, हेही होतं. सकाळी पाहिलेला माग मात्र त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. तो चालायला लागल्यावर आठवला.

रांग पायवाटेने निघाली. मी ठरवलं, शंभर पावलांवर सांगायचं. शंभरला वाटलं, इतक्यात येईलच, पावलं वाजवत नाही ती, मागे आलीही असेल. वळून पाहिलं. बांबू आणि वाट. दोनशेला ठरवलं, तीनशेला नक्की. आता सांगायचं म्हणजे 'अठरा' कोण म्हणालं तेही सांगावं लागणार होतं. माझ्या पायाखाली पाचोळा इतका वाजत होता की तिने हाक मारली तरी ऐकू येणार नाही असं वाटलं. आणि मग दुसरीच गोष्ट ध्यानात आली. ती हाक मारणार तरी कुणाला? नवऱ्याचं नाव ती घेत नसे. सासरच्या गावचे एवढे पुरुष पुढे, त्यांच्यामागे 'अहो' म्हणून ओरडणं तिच्याने झालं नसतं. मला 'बाई' म्हणायची, पण मला तर तिने सांगूनच ठेवलं होतं. त्या दुफाट्यावर कुठली वाट धरायची हे तिला माहीत नव्हतं.

तीनशे झाले. मी तोंड उघडलं. तीनशे दहा. तीनशे बारा.

"अठरा!"

मागून, लांबून, बांबूंच्या आतून. मग पुन्हा, जास्त मोठ्याने, "अठरा! अठरा!" त्या बिचारीला जंगलात ओरडण्याजोगं स्वतःचं असं तेवढंच मिळालं होतं, त्या सकाळी रामाजीभाऊंनी दिलेला आकडा.

सगळी रांग जागच्या जागी थांबली. दादा माझ्या बाजूने असा धावला की त्याचा खांदा मला लागून मी वाटेबाहेर पडले. मी तीनशेला सांगणार होते, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. पण मोजणीत लबाडी चालत नाही. तीनशे होऊन वर बारा पावलं गेली होती.

ती दादाच्या मागून आली. धावत नाही, चालतच. दुफाट्यावरून हलली नव्हती, असं दादाने सांगितलं. पदर कमरेला खोचलेला, ओठ पांढरे. आमच्यापाशी आल्यावर मात्र पदर तिने आधी डोक्यावर घेतला.

रामाजीभाऊ पुढून मागे आले होते. त्यांनी कुणाकडे न पाहता विचारलं, "तिथी 'अठरा, पूर्ण' कोण बोललं होतं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"मीच बोलली जी," वहिनी म्हणाली. "बोलली, अन् मंग पायात काटा गेला. काढत बसली, तर तुम्ही गेले होते."

"आवाज लय जवळून आला होता," रामाजीभाऊ म्हणाले.

"रानात आवाज फिरते जी." ती खाली पाहत होती.

रामाजीभाऊंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. मोठ्या विश्वासाचं माप तुटक्या टोकाचं निघावं तसं. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी पुढच्या मास्तरांना दिली आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "चला. आता शेवटचा मी." वहिनी आठच्या मागे गेली. रशीदचाचा एकदाही विनोद न करता स्टेशनापर्यंत चालले. परतीच्या गाडीत दादा माझ्याशी किती वेळा बोलला ते सांगायला मोजावं लागलं नाही. एकदाही नाही.

मला तेव्हा पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तिचा जितका राग त्या संध्याकाळी आला तितका आधी कधी आला नव्हता. जंगल तिला येत होतं, दादा तिचा झाला होता, 'पूर्ण' तिच्याकडे गेलं होतं, आणि आता चांगुलपणाही तिचाच. माझ्याकडे काय राहिलं, तर तीनशे बारा. पश्चात्ताप फार उशिरा, मला स्वतःला सासर मिळाल्यावर आला. भरल्या घरात मी एकटी होते, आणि कुणाला काय सांगावं ते कळत नव्हतं.

वहिनीने घरी आई-बाबांना काही सांगितलं नाही. ती मला टाकून बोललीही नाही. वागण्यात एवढाच फरक पडला की त्यानंतर तिने मला कधी काही सांगून ठेवलं नाही. "बाई, आईले सांगजा," "बाई, दूध पाहजा," असं ती आधी दिवसातून दहादा म्हणायची. ते बंद झालं. ती स्वतः उठायची, स्वतः जायची, स्वतः पाहायची. हे घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी मोजणारी, मला कळत होतं. पुढच्या फेऱ्यांना मी गेले नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं, आणि कुणी आग्रह केला नाही.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या नातीच्या साखरपुड्याला आम्ही घरचे सगळे भाड्याच्या गाडीतून भद्रावतीला गेलो. दादाला आता कमी ऐकू येतं, तो पुढे ड्रायव्हरजवळ. निघताना कुणीतरी म्हणालं, आत्या, मोजून घ्या, मागच्या वेळेस जावईच राहिले होते. मी दारात उभी राहून बोट दाखवत मोजू लागले. एक, दोन, तीन. पोरं आपापला आकडा ओरडू लागली, तसं आपोआप झालं. आठपर्यंत आलं. शेवटच्या बाकावर वहिनी, मांडीवर फळांची टोपली, साठीची झालेली, केस पांढरे. तिथून आवाज आला नाही. मी थांबले. गाडीचं इंजिन चालू होतं, ड्रायव्हर आरशात पाहत होता, आणि मी, जिला आजवर कुणी मोजणीत अडलेलं पाहिलं नव्हतं, पुढचा आकडा म्हणू शकत नव्हते.

वहिनीने टोपली जरा बाजूला केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"नऊ," ती म्हणाली. मग, त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी सांगत, "या खेपेस मीच बोलली हं, बाई. आता 'पूर्ण' तुम्ही म्हणजा."